जग कोसळल्यानंतरच्या आणि फार घट्ट बांधलेल्या जगाच्या कादंबऱ्या: वाचनगटासाठी कोणत्या आणि कोणत्या क्रमाने?

खूणपान

नमस्कार. आठ जणांच्या वाचनगटासाठी सहा महिन्यांचा बेत आखायचा आहे. महिन्याला एक पुस्तक, आणि विषय पोस्ट-अपोकॅलिप्टिक व डिस्टोपियन कादंबऱ्या. गटातले दोघे विज्ञानकथांत मुरलेले आहेत, बाकीचे एरवी सामाजिक कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं वाचतात. तिघांचा इंग्रजी वाचनाचा वेग बेताचा आहे.

‘सर्वोत्तम पन्नास’ छापाच्या याद्या ढीगभर मिळतात. पण कोणतं पुस्तक नेमकं कुठे अडतं आणि का, कोणती दोन पाठोपाठ ठेवू नयेत, कोणाला आधी काय सांगून ठेवावं, हे त्यांतून कळत नाही. गटातल्या एकाला प्राण्यांचे मृत्यू वाचवत नाहीत, एकीला लहान मुलांवरची हिंसा. शिवाय ते दोघे मुरलेले वाचक ‘इतकी वर्षं पेट्रोल कुठून आलं’, ‘किरणोत्सर्ग इतका टिकतो का’ हे विचारणारच. त्यांनाही धरून ठेवेल असं काही हवं.

शेवट न फोडता सांगाल तर फार बरं होईल.

अर्धविराम

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. हे दोन प्रकार दुकानात एकाच फळीवर असतात, पण त्यांवरची चर्चा एका वाटेने जात नाही. डिस्टोपियात व्यवस्था शाबूत असते, फारच शाबूत असते, आणि आपण बघत असतो की तिच्या पोटात माणूस कितपत उरलाय. प्रलयानंतरच्या कथेत व्यवस्थाच गेलेली असते. मग पाणी कोण आणतं, मेलेल्यांचं काय करायचं, अनोळखी माणसाला दार उघडायचं का, इथून सुरुवात होते. सहा महिन्यांत दोन्ही घ्या, पण आलटून पालटून. सलग तीन डिस्टोपिया झाल्या की तिसऱ्या महिन्यात चर्चा ‘सरकार वाईट असतं’ यापलीकडे सरकत नाही.

पहिल्या महिन्यात कादंबरी नकोच. तीन छोट्या गोष्टी घ्या, तिन्ही मिळून एका शनिवार-रविवारात संपतात. ब्रॅडबरीची १९५० सालची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’: एक स्वयंचलित घर सकाळी न्याहारी बनवतं, तारीख सांगतं, आंघोळीचं पाणी तयार ठेवतं, आणि घरात कोणी नाही. माणसं कुठे गेली ते बाहेरच्या भिंतीवर कळतं: सगळी भिंत काळी पडलेली, फक्त बागेत काम करणाऱ्या माणसांच्या आकाराचा रंग शाबूत. (प्राण्यांबद्दल हळवे असलेल्या सदस्याला सांगून ठेवा, यात एक कुत्रा आहे.) दुसरी ई. एम. फॉर्स्टरची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’. जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहणारी, यंत्रातूनच एकमेकांशी बोलणारी माणसं. ही तिघांत सर्वांत लांब आहे आणि तीन भागांत आहे. तिसरी अर्सुला ले ग्विनची १९७३ सालची ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’. पानं मोजकीच, पण चर्चा हिच्यावरच सर्वांत लांबते. हिच्यात एका मुलाचे हाल आहेत आणि कथेचा सगळा भार त्यावरच आहे, तेव्हा तुमच्या दुसऱ्या सदस्याला निवड करू द्या.

या तीन कथांवरून गटाचा कल कळतो. घराचं वर्णन आवडलं तर प्रलयानंतरच्या कादंबऱ्या चालतील, ओमेलासवर वाद झाला तर डिस्टोपिया.

आता कादंबऱ्या कुठे अडतात ते.

ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) तीन भागांत आहे, प्रकरणं ८, १० आणि ६. इंग्रजी साधं, वाक्यं सरळ. बेताच्या वेगाच्या वाचकांना या प्रकारातली हीच सर्वांत सोपी जाते. अडते ती दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात. तिथे नायक एक बंदी घातलेलं पुस्तक वाचतो आणि त्यातली पानंच्या पानं आपल्यासमोर येतात. कथा थांबते, राज्यशास्त्राचा निबंध सुरू होतो. अनेक जण पुस्तक खाली ठेवतात ते इथेच. गटाला आधीच सांगा की ते प्रकरण वेगळ्या दिवशी, ताज्या डोक्याने वाचा, आणि एवढं एकच शोधा: हे राज्य युद्ध जिंकायचा प्रयत्न का करत नाही? तेवढं उत्तर हाती लागलं तर तो भाग सार्थकी लागला.

हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ची (१९३२) अडचण तिसऱ्या प्रकरणात आहे. तीन ठिकाणचे संवाद आधी परिच्छेदागणिक आणि पुढे ओळीगणिक आलटून पालटून येतात, कोण बोलतंय ते सांगितलं जात नाही. वाचकाला वाटतं आपलंच काहीतरी सुटलं. सुटलेलं नसतं, रचनाच तशी आहे. मागे न जाता पुढे वाचत राहायचं, चौथ्यापासून सगळं सरळ होतं. पण दुसऱ्या प्रकरणात बाळांना विजेचे झटके देऊन पुस्तकांची भीती बसवतात, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला मुलांच्या लैंगिक खेळांचा उल्लेख आहे. हे मोघम सांगू नका, प्रकरणाच्या आकड्यासकट सांगा.

‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) छोटी आहे म्हणून नवख्यांना सुचवली जाते. इथे फसगत होते. ब्रॅडबरी जवळपास प्रत्येक वाक्यात उपमा रचतो. एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं. पानं कमी, वेळ मात्र ऑर्वेलइतकाच. तिच्यासाठी पूर्ण महिना द्या.

ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) तीन काळ एकमेकांत मिसळतात: आत्ताचं घर, त्याआधीचं प्रशिक्षण केंद्र, आणि त्याही आधीचं साधं आयुष्य. पुस्तकाच्या पंधरा भागांपैकी सातांचं नाव ‘नाइट’ आहे. त्या भागांत कथा सांगणारी बाई एकटी असते आणि आठवणी बहुतेक तिथेच येतात. एवढी खूण लक्षात ठेवली की गोंधळ निम्मा होतो. ॲटवुडने स्वतःला घालून घेतलेला नियमही गटाला सांगा: माणसांनी इतिहासात कुठेही केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. मग चर्चेत ‘हे असं कुठे झालंय?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि उत्तरं शोधून आणावी लागतात.

सर्वांत महत्त्वाचं: ऑर्वेल आणि ॲटवुड, दोघांच्याही पुस्तकांना शेवटी परिशिष्टासारखा भाग आहे. ऑर्वेलचा, त्याच्या कथेतल्या राज्याने घडवलेल्या नव्या भाषेवर, ॲटवुडचा ‘हिस्टॉरिकल नोट्स’ नावाचा. कथा संपली असं समजून लोक तो वाचतच नाहीत. तो कादंबरीचाच भाग आहे. दोन्ही ठिकाणी क्रियापदांचा काळ कोणता वापरलाय तेवढं बघून या म्हणावं. सगळ्या पुस्तकाचा अर्थ तिथे हलतो.

तळटीप

अर्धविराम यांनी एक बाजू नीट लावून दिली आहे, दुसरी मी घेतो.

प्रलयानंतरच्या कादंबऱ्यांत निवड करताना ‘प्रलय कशाने झाला’ याला फार किंमत देऊ नका. रोग, अणुबॉम्ब, दुष्काळ, काहीही असो. पुस्तकाचा स्वभाव ठरतो तो कथा प्रलयानंतर किती अंतरावर उभी आहे यावरून. पहिला आठवडा, वीस वर्षं, सहाशे वर्षं, ही तीन निरनिराळी पुस्तकं आहेत.

पहिल्या दिवसांचं उत्तम पुस्तक म्हणजे जॉन ख्रिस्टोफरचं ‘द डेथ ऑफ ग्रास’ (१९५६). एका विषाणूने गवतवर्गातली सगळी पिकं मरतात. गवतवर्ग म्हणजे फक्त कुरण नव्हे. भात, गहू, जव, सगळंच. एक कुटुंब लंडनहून उत्तरेला भावाच्या शेताकडे निघतं. भला, सुशिक्षित माणूस किती दिवसांत कुठवर घसरतो याचा हिशोब लेखक जवळजवळ तासांत मांडतो. कादंबरी लहान आणि वेगवान आहे. लैंगिक हिंसेचा एक प्रसंग आहे, आणि बायकांकडे बघण्याची नजर त्या काळची आहे. ती नजरही चर्चेला घ्या.

वीस वर्षांवरचं पुस्तक म्हणजे एमिली सेंट जॉन मँडेलचं ‘स्टेशन इलेव्हन’ (२०१४). विज्ञानकथा न वाचणाऱ्यांना पहिली कादंबरी कोणती द्यावी याला याहून चांगलं उत्तर नाही. फ्लूच्या साथीने बहुतेक माणसं गेली आहेत आणि एक फिरती नाटकमंडळी वस्त्यावस्त्यांतून शेक्सपिअर करते. त्यांच्या गाड्या बघा: पिकअप ट्रक आहेत, पण पुढे घोडे जुंपलेले. पेट्रोल शिळं होऊन गेलं, सांगाडा आणि चाकं कामाची उरली. अख्खं जग एवढ्या एका वस्तूतून कळतं. अडचण एकच, काळ सारखा मागेपुढे जातो. एका कागदावर पाच-सहा नावं लिहून ठेवली की पुरतं. पहिल्या प्रकरणात रंगमंचावर कोसळणाऱ्या नटाशी प्रत्येकाचं काय नातं, एवढंच त्यापुढे लिहायचं. एक धर्मवेडा टोळीप्रमुख आणि अल्पवयीन मुलींशी त्याची लग्नं असा भाग आहे. तो थेट दाखवलेला नाही, पण सूचित आहे.

या पुस्तकासाठी चर्चेची एक पद्धत चांगली चालते. कादंबरीत विमानतळावर एक संग्रहालय आहे: बंद पडलेले फोन, क्रेडिट कार्डं, उंच टाचांचे बूट. प्रत्येकाने त्यात ठेवावी अशी एक वस्तू निवडून यायचं आणि वीस वर्षांच्या मुलाला ती कशी समजावून सांगाल ते सांगायचं. न बोलणारे सदस्यही यात बोलतात.

जॉर्ज स्ट्युअर्टचं ‘अर्थ अबाइड्स’ (१९४९) माणसांपेक्षा निसर्गात जास्त रमतं. मधूनमधून तिरप्या अक्षरांत तुकडे येतात: माणसं गेल्यावर कुत्र्यांचं काय होतं, गव्हाचं काय, रस्त्यांचं काय. आधी मुंग्यांचा सुकाळ, मग उंदरांचा, आणि मग तो सुकाळ खाऊन संपला की दुसऱ्या टोकाला घसरण. घाई असलेले वाचक हे तुकडे गाळतात आणि मग पुस्तक संथ आहे म्हणतात. ते गाळले तर फार थोडं उरतं. वीसेक वर्षं नळाला पाणी येत राहतं आणि एक दिवस येत नाही. कोणी दुरुस्ती शिकलेलं नाही, कारण आजवर गरजच पडली नव्हती. हा भाग गटाला मोठ्याने वाचून दाखवा. काही ठिकाणी वंशाविषयी आणि एका मतिमंद मुलीविषयी जे लिहिलंय ते आज टोचतं. आधी सांगून ठेवलेलं बरं.

मॅकार्थीचं ‘द रोड’ (२००६, पुढच्या वर्षी पुलित्झर) सगळे सुचवतात, आणि पुस्तक खरंच तेवढं मोठं आहे. प्रलयाचं कारण कुठेच सांगितलेलं नाही. घड्याळं एक वाजून सतरा मिनिटांनी थांबतात, दूर प्रकाश दिसतो, काही धक्के जाणवतात, आणि कथेतला बाप उठून सरळ न्हाणीघरातला टब भरायला लागतो. आंघोळ का करतोयस, असं बायको विचारते. तो म्हणतो, करत नाहीये. नळाचं पाणी किती वेळ येईल हे त्या माणसाला त्या क्षणी कळलेलं असतं. पण तुमच्या दुसऱ्या सदस्याला हे पुस्तक देऊ नका. लहान मुलांबाबतचे दोन-तीन प्रसंग असे आहेत की ताकीद देऊनही भागत नाही.

आणि ‘द रोड’नंतर लगेच दुसरं काळंकुट्ट पुस्तक नको. दोन सलग आले की लोक तिसऱ्या बैठकीला येत नाहीत.

अणुरेणू

त्या दोघा मुरलेल्या वाचकांसाठी.

पेट्रोल: साधं पेट्रोल पिंपात किंवा टाकीत काही महिने ते वर्षभर बरं राहतं, टिकाऊपणाचं रसायन घालून झाकून ठेवलं तर आणखी थोडं. हलके घटक उडून जातात, उरलेलं हवेशी संयोग पावून चिकट होतं, आणि इंजिनात राळ बसते. डिझेल जरा जास्त तग धरतं, पण पाणी शिरलं की त्यात जंतू वाढून गाळणी तुंबते. म्हणून ‘स्टेशन इलेव्हन’मधले घोडे बरोबर आहेत, आणि ‘अर्थ अबाइड्स’मध्ये वीस वर्षांनंतरही पोरं जीप घेऊन लांबच्या सफरीवर जातात ते पटत नाही. त्यामुळे पुस्तक मोडीत निघत नाही. पण विचारलं तर उत्तर तयार असावं.

किरणोत्सर्गासाठी दोन पुस्तकं जोडीने वाचायला द्या: नेव्हिल शूटचं ‘ऑन द बीच’ (१९५७) आणि पॅट फ्रँकचं ‘अलास, बॅबिलॉन’ (१९५९). दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेली, दोन्ही अणुयुद्धानंतरची, आणि उत्तरं पूर्ण उलट. एकात कोणी वाचणार नाही, दुसऱ्यात एक गाव तगून राहतं. दोघांपैकी एकाचं विज्ञान चुकलं असं वाटतं, पण मुख्य फरक बॉम्बमध्ये आहे.

साध्या अणुस्फोटाची राख वेगाने निवते. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाली की किरणांचा मारा दहावा हिस्सा होतो. स्फोटानंतर एका तासाने तो १००० धरला तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी १०, आणि दोन आठवड्यांनी १. पहिले दोन आठवडे आडोसा मिळाला आणि राख अंगावर, अन्नात आली नाही तर जगायची संधी असते. फ्रँकचं गाव बसतं ते या हिशोबात. शूटने मात्र कोबाल्टचे बॉम्ब धरले आहेत, ज्यांची राख फार सावकाश निवते. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे मारा निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास असतं, म्हणजे मारा हजारावा हिस्सा व्हायला पन्नासहून जास्त वर्षं. तळघरात इतकी वर्षं कोणी बसू शकत नाही. म्हणून त्याच्या पुस्तकात पळापळ नाही. मेलबर्नमधली माणसं उत्तरेकडून हळूहळू खाली येणाऱ्या हवेची वाट बघतात आणि पुढच्या वर्षीच्या बागेचा आराखडा करतात. त्याच्या गृहीतकावर आक्षेप घेता येतो: अख्ख्या गोलार्धावर सारख्याच प्रमाणात प्राणघातक मारा व्हायला कोबाल्ट अचाट प्रमाणात लागेल. पण एकदा ते गृहीत धरलं की पुढचं सगळं काटेकोर आहे.

‘अलास, बॅबिलॉन’ तपशिलांसाठी वाचावं. वीज जाते, फ्रीज बंद पडतो, आणि इन्सुलिनवर जगणारी बाई जाते. मीठ संपतं, मांस टिकवायला आणि शरीरालाही मीठ लागतं हे तेव्हा कळतं. दूषित भागातून लुटून आणलेले दागिने लोक अंगावर घालतात आणि कातडी भाजते. भाषाही सोपी. १९५९ च्या फ्लोरिडातले वर्णभेदाचे संकेत त्यात जसेच्या तसे आहेत, हे सांगायलाच हवं.

‘ऑन द बीच’ वरवर अगदी शांत आहे, रक्तपात नाही, म्हणून बिनधास्त सुचवलं जातं. तसं करू नका. त्यात स्वेच्छेने मरण्याचा प्रश्न केंद्रस्थानी आहे आणि एका तान्ह्या बाळाचा प्रसंग आहे.

खूणपान

फार उपयोगी. तीन प्रश्न उरलेत. एक, प्राण्यांचे मृत्यू न वाचवणाऱ्या सदस्याने स्वतःहून हाउसहोफरचं ‘द वॉल’ सुचवलंय, कारण मुखपृष्ठावर कुत्रा आहे. दोन, इंग्रजीबाहेरची एखादी तरी हवी. अनुवाद निवडताना काय बघायचं? तीन, सहाशे वर्षांवरचं पुस्तक कोणतं म्हणालात?

दुभाषी

‘द वॉल’ त्या सदस्याला देऊ नका, निदान न सांगता तर नाहीच. मार्लेन हाउसहोफर या ऑस्ट्रियन लेखिकेने ते १९६३ मध्ये जर्मनमध्ये लिहिलं. डोंगरातल्या शिकारघरात आलेली एक बाई सकाळी उठते तर रस्त्यावर अदृश्य भिंत, आणि पलीकडचं सगळं थिजलेलं. सोबत कुत्रा, गाय, मांजर. बटाटे, घेवडा, गवत कापणं, दूध काढणं, काड्यापेट्या मोजून वापरणं, हेच पुस्तक. या प्रकारात श्रमाचं इतकं खरं वर्णन दुसरीकडे सापडत नाही. पण कुत्रा गेल्याचं ती सुरुवातीलाच सांगते आणि मग पुस्तकभर त्या दिवसाकडे चालत राहते. प्राण्यांवर माया असलेल्या वाचकाला हे सर्वांत जड जाणारं पुस्तक, आणि कदाचित सर्वांत जवळचंही. त्याला हे सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. आणखी एक: पुस्तकात प्रकरणं नाहीत. बैठकीसाठी ‘अमुक पानापर्यंत’ असं ठरवायचं तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. नाहीतर ऋतूंवर वाटून घ्या: पहिला हिवाळा संपेपर्यंत एक टप्पा.

अनुवादाबाबत झाम्यातिनचं ‘वी’ हे चांगलं उदाहरण. रशियनमध्ये १९२०-२१ मध्ये लिहिलेलं, छापलं गेलं ते आधी इंग्रजी अनुवादात, १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये. त्याच्या स्वतःच्या देशात ते १९८८ मध्ये आलं. ऑर्वेलने १९४६ मध्ये त्यावर लिहिलं होतं, म्हणजे त्याची कादंबरी यायच्या आधी. गटात दोन्ही वाचली जाणार असतील तर हा धागा धरा. पुस्तक ४० नोंदींचं, प्रत्येक नोंद दोन-चार पानांची, तेव्हा रोज दोन वाचल्या तरी वीस दिवसांत होतं. कथा सांगणारा गणितज्ञ आहे आणि वाक्यं अर्ध्यात तोडतो. ती तुटलेली वाक्यं मूळची आहेत. अनेक अनुवाद आहेत: १९२४ चा झिलबूर्ग, १९७२ चा मिर्रा गिन्सबर्ग, १९९३ चा क्लॅरेन्स ब्राउन, २००६ चा नताशा रँडल. फुकट मिळणारी प्रत बहुधा सर्वांत जुन्या अनुवादाची असते आणि तिची भाषा अवघडलेली वाटते. पहिली नोंद दोन अनुवादांतून शेजारी ठेवून वाचा. पाच मिनिटांत निवड होते. गटात सगळ्यांनी एकच अनुवाद घ्यावा, नाहीतर अर्धी बैठक ‘माझ्याकडे असं नाहीये’ यातच जाते.

पोर्तुगीज लेखक सारामागोचं ‘ब्लाइंडनेस’ (१९९५) विरामचिन्हांमुळे अडतं. अवतरणचिन्हं नाहीत, माणसांना नावं नाहीत, संवाद स्वल्पविरामांनी जोडलेले. युक्ती सोपी: वाक्याच्या मध्येच स्वल्पविरामानंतर मोठं अक्षर आलं की बोलणारा बदलला. दहा पानांत डोळा बसतो. यात सामूहिक बलात्काराचा लांब प्रसंग आहे, त्याची ताकीद द्यावीच लागते.

तुमच्या गटासाठी माझी शिफारस मात्र योको ओगावाचं ‘द मेमरी पोलीस’. जपानीत १९९४, स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद २०१९. एका बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होते: रिबिनी, अत्तर, पक्षी, गुलाब. वस्तूबरोबर तिची आठवणही जाते, आणि ज्यांची जात नाही त्यांना पोलीस शोधतात. भाषा नितळ, हिंसा जवळपास नाही. अडतं ते एकाच अपेक्षेने: हे का होतंय याचं उत्तर मिळेल, असं समजून लोक वाचतात. ते मिळत नाही. हे आधीच सांगितलं तर पुस्तक उघडतं, नाही सांगितलं तर शेवटी चिडचिड होते.

तळटीप

सहाशे वर्षांवरचं म्हणजे वॉल्टर मिलरचं ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’, १९६१ चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळालेलं. अणुयुद्धानंतर एक मठ जुन्या ज्ञानाचे कागद जपतो, त्यांचा अर्थ कोणालाच कळत नसताना. त्या पवित्र कागदांत एक किराण्याची यादी आहे आणि एक विद्युतमंडलाचा आराखडा. मठातला एक साधा ब्रदर त्या आराखड्याची वेलबुट्टीने सजवलेली नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. अडचणी दोन. लॅटिन वाक्यं बरीच आहेत. ती अडून न बसता ओलांडायची, मजकूर आजूबाजूला कळतो. आणि पुस्तकाचे तीन भाग, प्रत्येकामध्ये सुमारे सहा शतकांचं अंतर. पहिल्या भागातल्या माणसांवर जीव जडतो आणि मग ती संपतात. बहुतेक जण दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला सोडतात. म्हणून दोन महिन्यांत वाटा: पहिला भाग एका बैठकीला, उरलेले दोन पुढच्या. एका महिन्यात कोंबलं तर तिसऱ्या भागापर्यंत निम्मेच पोचतात, आणि पुस्तकाचा खरा घाव तिसऱ्यातच आहे. तिसऱ्या भागात एक आई आणि जखमी बाळ आहे, हेही लिहून ठेवा.

रसेल होबनचं ‘रिडली वॉकर’ (१९८०) कोणी सुचवलं तर या फेरीत नको. अख्खं पुस्तक मोडलेल्या, कानावरून लिहिलेल्या इंग्रजीत आहे. मोठ्याने वाचलं तर उलगडतं, पण तुमच्या तिघांना ते अन्यायाचं होईल.

अर्धविराम

मग क्रम असा धरा. पहिला महिना तीन कथा. दुसरा ‘स्टेशन इलेव्हन’. तिसरा ‘नाइन्टीन एटी-फोर’, परिशिष्टासकट. चौथा ‘द मेमरी पोलीस’. ऑर्वेलनंतर लगेच ठेवलं की आठवण पुसणाऱ्या दोन व्यवस्था शेजारी येतात, एक आरडाओरडा करणारी आणि एक न बोलता काम करणारी. पाचवा ‘अलास, बॅबिलॉन’, आणि ज्यांना जमेल त्यांनी सोबत ‘ऑन द बीच’. सहावा ‘द हँडमेड्स टेल’.

ऑक्टेव्हिया बटलरचं ‘पॅरबल ऑफ द सोअर’ (१९९३) मुद्दाम बाहेर ठेवलंय. २०२४ ते २०२७ अशा तारखांच्या रोजनिशीच्या रूपात आहे, पुस्तक अव्वल आहे, आणि मुरलेल्या वाचकांनी ते स्वतंत्र वाचावंच: पळून जाण्यासाठी बांधून ठेवलेली पिशवी, तिच्यात काय आणि का, हे इतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलंय. पण मुलांवरची हिंसा, लैंगिक हिंसा, मारले जाणारे कुत्रे, सगळं आहे. तुमच्या दोन्ही सदस्यांना एकदम बाहेर बसवेल.

तळटीप

क्रम पटला, एक बदल सुचवतो. सहाव्या महिन्याला ‘हँडमेड’ नको, ते पाचव्यावर आणा आणि ‘अलास, बॅबिलॉन’ शेवटी ठेवा. त्याने तीन डिस्टोपिया सलग येतात हे खरं, पण शेवटच्या बैठकीत हाताने करायच्या गोष्टींचं पुस्तक असलं की आठही जणांना बोलायला काहीतरी असतं: कोणाला विहिरीचं पाणी कळतं, कोणाला औषधं, कोणाला शिवण.

अणुरेणू

अनुमोदन. आणि त्या बैठकीला सातपटीचा तो हिशोब कागदावर मांडून न्या, चारच आकडे आहेत. तो समोर असला की ‘ऑन द बीच’ वाचलेले आणि ‘अलास, बॅबिलॉन’ वाचलेले एकाच भाषेत वाद घालू शकतात.

खूणपान

बदल घेतला. इशाऱ्यांच्या चिठ्ठ्या पुस्तकागणिक वेगळ्या करतो, प्रकरणाच्या आकड्यासकट, आणि घडी घालून देतो. ज्याला हवं त्याने उघडावी.